दरवानाच्या पाठीवरचे संरक्षित क्षेत्र

विज्ञानाने माणसाचा हात चंद्रापर्यंत पोचवला, हे खरं आहे. स्वतःच्या पाठीच्या मधोमध मात्र तो अजून पोचलेला नाही. दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताएवढी एक जागा अशी ठेवलेली आहे, की तिथे वरूनही हात जात नाही आणि खालूनही. आपला हात जगन्नाथ म्हणणाऱ्याने ही जागा विचारात घेतलेली दिसत नाही. तिथे खाज सुटली की माणसाला माणसाची गरज कळते. लग्नाची चाल बहुधा यातूनच पडली असावी.

संशोधन संस्थेच्या दरवानाला नेमकी इथेच खाज सुटली. नवा गणवेश मिळाला, पाठीवर संस्थेचं भरतकाम केलेलं बोधचिन्ह आलं, आणि त्याच आठवड्यात खाजही आली. आता दरवानाचं काम ताठ उभं राहण्याचं. तो फाटकाच्या खांबाला पाठ घासू लागला, तेव्हा व्यवस्थापक गाडीतून उतरले.

"फाटक आहे की गोठा? पुन्हा घासताना दिसलास तर दुसरा दरवान बघेन."

नोकरी जाणार म्हटल्यावर माणूस कुठेही जातो. दरवान पहिल्यांदाच संस्थेच्या आत गेला.

आत तीन विभाग होते, आणि भांडणतंटा नको म्हणून त्यांनी जगाची वाटणी करून घेतली होती. जे अंगात राहतं ते वैद्यकवाल्यांचं. जे बाटलीत राहतं ते रसायनवाल्यांचं. जे आपणहून जागा बदलतं ते पर्यावरणवाल्यांचं. (चहावाला तिन्ही मजले फिरतो. तो सध्या पर्यावरणवाल्यांकडे आहे. बाकीच्यांना चहा थंड मिळतो.)

खाज अंगात होती, म्हणून ती आधी वैद्यकवाल्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. माणसावर एकदम उपचार करणं शास्त्रात बसत नाही, म्हणून उंदीर घेतला. उंदराला खाज नव्हती. ती मोठ्या कष्टाने आणली, मग तितक्याच कष्टाने घालवली. निबंध छापून आला, टाळ्या पडल्या. उंदराची तब्येत आज उत्तम आहे.

"आणि माझं काय, बाई?" दरवानाने विचारलं.

"तुम्ही उंदीर असतात तर प्रश्नच नव्हता हो," बाई कळवळून म्हणाल्या.

रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं लोक म्हणतात. पण ही म्हण जुनी. तेव्हा उंदरांची सोय नव्हती.

औषध बाटलीत भरलं, तसं ते वाटणीप्रमाणे रसायनवाल्यांचं झालं. त्यांनी ते सुधारलं. त्याचा उग्र वास काढला, कपड्याला डाग पडणार नाही असं केलं, रंग मोरपंखी आणला. एकच घटक त्या रंगाला मारत होता, तो काढून टाकला. खाज थांबवणारा तोच होता, पण सुधारणा म्हटली की थोडा त्याग आलाच. ते दरवानाच्या पाठीला लावलं. दुसऱ्या दिवशी दरवान म्हणाला, "साहेब, खाज सकाळी डावीकडे सरकते. संध्याकाळी परत मधे येते."

(डबा आणि पाणी असलेली जड पिशवी तो सकाळी डाव्या खांद्यावर घेऊन येई, आणि त्या ओढीने सदरा सरकत असे. पण पिशव्यांचा विभाग संस्थेत नाही.)

जागा बदलते म्हटल्यावर पर्यावरणप्रमुख धावत आले. त्यांनी दुर्बीण लावून पाठ पाहिली.

"सकाळी बाहेर जाते, संध्याकाळी परतते. म्हणजे हे तिचं घर आहे."

"घर कसलं साहेब, माझी पाठ आहे."

"तुमची? हात पोचतो का तुमचा तिथे?"

दरवानाने वरून प्रयत्न केला, खालून केला. नाही पोचला.

"मग?" साहेब म्हणाले.

त्या जागेभोवती निळ्या शाईची रेघ ओढून संरक्षित क्षेत्र जाहीर झालं. आत खाजवणं, खाजवून घेणं आणि खाजवण्याच्या हेतूने जवळ रेंगाळणं मना. त्या दिवशी दरवान घरी गेला, तेव्हा बायको नेहमीसारखी लाकडी कंगवा घेऊन बसली होती.

"नको गं, बंदी आहे."

"कोणी घातली?"

"साहेबांनी."

"लग्न साहेबांनी केलंय का तुमच्याशी? वळा तिकडे!"

तिने पाठ खरवडली, सदरा उलटा करून पाहिला आणि बोधचिन्हाच्या मागची काथ्यासारखी राठ शिवण कचाकच उसवली. खाज गेली. दरवान सकाळी काठीसारखा ताठ उभा राहिला.

संस्थेत सुतकाची कळा आली. पर्यावरणप्रमुखांचे डोळे भरले. "जगात एकच होती. एका कंगव्यापायी गेली!" व्यवस्थापकांनी दरवानाला बोलावलं. "खाज नाही, तर तूही नाही." आधी खाज होती म्हणून जात होती ती नोकरी, आता नाही म्हणून चालली. दरवान घाबरून बोलून गेला, "साहेब, जागा बदलणारी वस्तू मरेल कशाला? गेली असेल कुठेतरी."

"बरोबर!" तिन्ही विभाग एकदम म्हणाले. एकमत होण्याची संस्थेतली ही पहिलीच वेळ.

शोध सुरू झाला आणि खाज सापडली. या साऱ्या प्रकरणाचा अहवाल टाइप करणाऱ्या बाई मान खाजवताना आढळल्या. तो तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई कोपर खाजवत होत्या. व्यवस्थापकांनी तर तो गाडीतच वाचला, आणि फाटकाच्या खांबाला पाठ लावून डोळे मिटून उभे राहिले. सिद्ध झालं, की खाज आता हकिगतीत राहते आणि वाचणाऱ्याच्या अंगावर उतरते. संरक्षित क्षेत्र त्याप्रमाणे वाढवण्यात आलं. राखणीला माहितगार माणूस हवा, म्हणून दरवानाची नोकरी पक्की झाली. त्याने पहिली शिट्टी व्यवस्थापकांवर वाजवली.

तेव्हा तुम्ही आत्ता जिथे हात नेला आहे, कानामागे म्हणा, दंडावर म्हणा, ती जागा आजपासून तुमची नाही. हात खाली घ्या. दरवान बघतो आहे.