परबकाकांची वेटोळी

आमच्या सोसायटीत मनःशांतीसाठी सगळ्यात जास्त आरडाओरडा कोण करत असेल, तर ते परबकाका. रोज दुपारच्या चहानंतर ते काळं पेन घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसतात आणि कागदावर वेटोळी काढतात. मधल्या ठिपक्यापासून सुरुवात करायची आणि पेन न उचलता गोल गोल फिरत कडेपर्यंत यायचं. याने म्हणे मन शांत होतं. अशात शेजारच्या कुकरची शिट्टी झाली, की हे शांत होत असलेले गृहस्थ जिन्यात येतात आणि सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल असे गरजतात, "मी हंय शांत होतंय, दिसत नाय तुमका?"

गेल्या उन्हाळ्यात मी बोर्डावर पाणीकपातीची सूचना लावली. सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून मला असलेला हा एकमेव अधिकार. लिफ्टची वाट बघताना काकांना खिशातलं पेन स्वस्थ बसू देईना. त्यांनी सूचनेच्या कोपऱ्यात एक वेटोळं सुरू केलं, ते वाढत वाढत 'सकाळी' हा शब्द गिळून थांबलं. सगळ्यांनी ती कपात संध्याकाळची धरली. दुसऱ्या दिवशी अर्धी सोसायटी अंगाला साबण लावून माझ्या नावाने शंख करत होती. काकांना जाब विचारला तर म्हणाले, "अक्षर बघ आधी तुझं. त्या कागदावर बघण्यासारखं काय असेल तर माझं वेटोळं."

आमची सोसायटी नाहूरला. स्टेशनपासून इतकी जवळ की रिक्षावाले येत नाहीत, आणि इतकी लांब की चालून जीव जातो. काका इथले जुने रहिवासी. भांडुपच्या एका पंपाच्या कारखान्यात ते माल तपासणारे इन्स्पेक्टर होते. केसभर फरक दिसला की तयार भाग बाजूला काढायचा आणि म्हणायचं, "रिजेक्ट!" कारखान्याने निवृत्त करताना त्यांच्याकडून ओळखपत्र परत घेतलं, हा शब्द घ्यायचा राहिला. पार्किंगचे पट्टे त्यांनी दोनदा रिजेक्ट केले. गणपतीत राणेवहिनींचे मोदक रिजेक्ट केले, कारण कळ्या एकसारख्या नव्हत्या. रिजेक्ट झालेले मोदक चुकून कोणा दुसऱ्याच्या पानात जाऊ नयेत म्हणून ते स्वतःच खाऊन टाकले.

या माणसाबरोबर परबकाकूंनी संसार कसा केला, हा आमच्याकडे अधूनमधून निघणारा विषय. काकू अबोल, हसऱ्या, आणि रांगोळीत त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. दर दिवाळीला फाटकाशी त्या रांगोळी घालायच्या आणि काका मागे पट्टी घेऊन उभे असायचे. "रिजेक्ट! ती पाकळी बघ, सुजल्यासारखी दिसते." काकू खळखळून हसायच्या, पाकळी पुसायच्या, परत काढायच्या. आम्ही येणारेजाणारे त्यांची कीव करायचो.

मग एका दिवाळीला फाटकाशी रांगोळी नव्हती. काकूंचे गुडघे दुखतात, असं काकांनी परस्पर जाहीर केलं. पुढच्या संक्रांतीला हळदीकुंकवात काकूंनी राणेवहिनींना लावलेलं कुंकू कपाळाऐवजी भुवईवर उतरलं. वहिनी शाळेत चित्रकला शिकवतात, स्वभाव मोकळा, आवाज त्याहून मोकळा. "काकू, चष्म्याचा नंबर वाढला वाटतं!" म्हणून त्या हसल्या. बाकीच्या बायका हसल्या, काकूही हसल्या. त्यानंतर काकू खाली उतरेनाशा झाल्या. आणि त्याच सुमाराला काकांना शांतीची बाधा झाली.

आधी त्यांनी पेनं जमवली. मुलुंडच्या स्टेशनरीवाल्याने पेन चालवून बघायला ठेवलेला कागद त्यांनी दोन्ही बाजूंनी भरून टाकला आणि निघताना तोच घरी न्यायला मागितला. मग एकट्याने शांत होणं पुरेना. दर रविवारी सकाळी सोसायटीच्या ऑफिसात वेटोळ्यांचा वर्ग सुरू झाला. फी नाही, फक्त अपमान.

वर्गाचा नियम एकच. वेटोळं डाव्या हाताने काढायचं. "उजवा हात म्हणजे अहंकार," काका सांगायचे, "डावा हात म्हणजे नम्रता." आमचे खजिनदार कांबळे जन्माचे डावखुरे. त्यांना काकांनी उजव्या हाताने काढायला लावलं. कांबळ्यांच्या बाबतीत अहंकाराने बाजू कधी बदलली, हे विचारायची कोणाची टाप नव्हती. आम्ही सगळे जीभ बाहेर काढून, तेलात फुटलेल्या चकल्यांसारखी वेटोळी काढायचो आणि काका ती एकेक ट्यूबलाइटसमोर धरून रिजेक्ट करायचे.

राणेवहिनींनी मात्र डावा हात लावायला साफ नकार दिला. त्यांनी उजव्या हाताने असं वेटोळं काढलं की छापल्यासारखं. काकांनी ते नीट पाहिलं देखील नाही. "रिजेक्ट! फार सरळ चालतो हात तुमचा."

"अहो, मी इतकी वर्षं पोरांना चित्रं शिकवते!" वहिनी उसळल्या.

"तरीच," काका म्हणाले.

काकूंना काका दर रविवारी सोबत घेऊन यायचे. त्या दाराजवळच्या खुर्चीत बसायच्या, हात पदराखाली. मी एकदा म्हटलं, "काकू, तुम्हीपण घ्या ना पेन." त्या म्हणाल्या, "मला रे कसलं जमतंय?" रांगोळीत अख्ख्या नाहूरला हरवणारी बाई असं म्हणते, याचं मला नवल वाटलं. पण मी सेक्रेटरी, मला पाण्याच्या टाकीची काळजी होती. मी पुढे विचारलं नाही.

वहिनींनी तक्रार दिली. "हा माणूस शांतीच्या नावाखाली आमचं बीपी वाढवतोय. वर्ग बंद करा, यार." कमिटीला कुठलीही गोष्ट बंद करायला आवडतंच. ठराव झाला, आणि वाघाच्या गळ्यात घंटा बांधायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं.

मी दुपारी गेलो. दार नुसतंच लोटलेलं होतं. आत टेबलाशी दोघं शेजारी शेजारी बसली होती. काकूंच्या उजव्या हातातलं पेन कागदाला टेकायच्या आधीच थरथरत होतं. टेकल्यावर रेघ गोल जायच्या ऐवजी दातेरी होत होती. शेजारी काका, केसभर फरक पकडणारा माणूस, डाव्या हाताने तितकंच वेडंवाकडं वेटोळं काढत होते.

मला बघताच काकूंनी कागदावर वर्तमानपत्र ओढलं. मग स्वतःच बाजूला सारलं.

"बघितलंस ना? बघ आता. डॉक्टर दर खेपेला एक असं काढून घेतात, हात किती हलतो ते समजायला. म्हणून हे घरी सराव करून घेतात."

"छान आलंय की, काकू," मी म्हणालो.

"तूपण यांच्यातलाच." काकूंचा आवाज चढलेला मी पहिल्यांदा ऐकला. "या माणसाने जन्मात काही पास केलं नाही रे. आमच्या लग्नातल्या भटजींचे मंत्र रिजेक्ट केले. आणि आता माझं रोज पास. रोज! मला काय कळत नाही? ज्याच्याकडून आता काही व्हायचं नाही, त्यालाच असं पास करतात."

काका मान खाली घालून आपलं वेटोळं पुढे नेत राहिले. मला कुठे बघावं ते समजेना. आलो कशाला ते न सांगताच मी निघालो, तर काका मागोमाग लिफ्टपाशी आले.

"वर्ग बंद करायला आलेलास ना?"

मी मान हलवली.

"नको करू रे." या माणसाने कधी कोणाची विनवणी केल्याचं मला आठवत नव्हतं. "त्या कुंकवानंतर ती माणसांतच येईना. म्हटलं, सगळ्यांच्याच रेघा वाकड्या आल्या, तर हिच्याकडे कोण बघतंय? म्हणून तो डावा हात. खाली यायला लागली. पण पेन काय धरीत नाही चारचौघांत."

"राणेवहिनींना सांगू का? त्या समजून घेतील."

"कोणाक सांगशीत तर बघ!"

लिफ्ट आली आणि गेली. मी जिन्याने उतरलो. मला फार वाईट वाटलं, आणि काकूंचं शेवटचं वाक्य डोक्यातून जाईना. वर्ग बंद करण्याचा विषय मी पुढच्या मीटिंगवर ढकलला. आमच्याकडे एखादी गोष्ट कायमची टिकवायची असेल, तर ती पुढच्या मीटिंगवर ढकलायची असते.

रविवारी राणेवहिनी आल्या त्या वर्गाची शेवटची घटका बघायला. उजव्या हातात पेन रोवून समोरच बसल्या. कांबळे आपल्या परक्या हाताशी झुंजत होते. जोर इतका लावला की कागद टर्रकन फाटला आणि त्यांनी खजिनदाराला न शोभणारी शिवी हासडली. सगळे हसले. दाराजवळून काकूही हसल्या. हसता हसताच त्यांनी पदराखालून हात काढला.

"द्या इकडे एक कागद. याहून वाईट काय येणार आहे?"

पेन हातात येताच थरथरायला लागलं. दिसायचं ते सगळ्यांना दिसलं. राणेवहिनी बघत राहिल्या, आणि त्यांचं बोट आपोआप स्वतःच्या भुवईवर गेलं. मग त्यांनी काही न बोलता पेन उजव्या हातातून डाव्या हातात घेतलं आणि मान खाली घालून वेटोळं काढायला लागल्या.

काका तपासणीला उठले. माझं रिजेक्ट. कांबळ्यांचं अर्थातच रिजेक्ट. राणेवहिनींचं रिजेक्ट, आणि त्या चक्क "बरं, काका" म्हणाल्या. मग काका काकूंपाशी आले. कागद ट्यूबलाइटसमोर धरला. बराच वेळ धरला. काकू त्यांच्याकडे न बघता पदराचा काठ चाचपत होत्या.

"रिजेक्ट," काका म्हणाले.

मी खुर्चीतून अर्धा उठलो.

"कडेला येताना घाई केलीस. पाकळ्यांचं पण तुझं हेच असायचं. नेहमीची खोड."

काकूंनी वर पाहिलं. क्षणभर त्यांचा विश्वासच बसला नसावा. मग त्या हसल्या, फाटकाशी हसायच्या तशा, खळखळून. "आणि तुमची पट्टी कुठाय? ती विसरलात?" असं म्हणत त्यांनी थरथरत्या हाताने कोरा कागद ओढला आणि मधोमध ठिपका दिला.

"शांत! शांत बसा सगळे!" काका भिंतीकडे तोंड करून ओरडले.

कोणीच बोलत नव्हतं. आवाज येत होता तो त्यांच्याच नाक ओढण्याचा.