तव्यावरचा जॉन

"तू काळजीच करू नकोस! तू घरात पाऊल टाकशील तेव्हा तुझे बाबा बोटं चाटत बसलेले असतील. नाही बसले, तर उलथनं खाली ठेवीन, ते कायमचं!"

लिफ्टवाल्याने फोनवर बायकोला ही ग्वाही दिली तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले होते. नवऱ्याने छातीठोकपणे काही सांगितलं की पुढे काय होतं, हे तिला सोळा वर्षांच्या अनुभवाने पाठ झालं होतं.

"करताय तरी काय?"

"ते गुपित!"

"साधं अंडं उकडून द्या हो."

"अगं, झोपलेली जीभ उकडलेल्या अंड्याने जागी होते का? तिला हलवून उठवायला लागतं!"

"बरं. पण एक लक्षात ठेवा. गॅस चालू ठेवून बाबांना एकटं सोडायचं नाही. काही जळलं तरी त्यांना कळायचं नाही. ऐकताय ना?"

"मी लिफ्ट सांभाळतो बाई! चोवीस माणसांचा जीव एका दोरावर! मला सुरक्षितता शिकवतेस?"

बायको तीन दिवसांच्या कामावरून संध्याकाळी परतणार होती. तिने "हं" म्हणून फोन ठेवला. त्या "हं"मध्ये काय काय भरलं होतं, ते लग्न झालेल्यांना सांगायला नको.

तिचे बाबा, म्हणजे लिफ्टवाल्याचे सासरे, पाववाले. एकेचाळीस वर्षं भट्टीसमोर उभे राहिलेले. घड्याळ बघून पाव काढणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. पाठमोरे उभे राहून कणीक मळत असत आणि मध्येच म्हणत, "तिसरा ट्रे काढ रे, झाला." आणि ट्रे झालेला असायचा! सगळी कमाई त्या नाकाची.

सहा आठवड्यांपूर्वी एक ताप आला आणि ते नाक घेऊन गेला. नाकाच्या मागोमाग चवही गेली. डॉक्टर म्हणाले, "येईल परत. बहुतेक. कधी ते सांगता येत नाही." तेव्हापासून म्हातारबुवा दोन घास खायचे आणि "पुठ्ठा" म्हणून ताट सारायचे. अंग इतकं उतरलं की पँट पट्ट्यापेक्षा आशेवरच जास्त टिकून होती. एकदा लेकीने सकाळी भट्टीतला गरम पाव आणून हातात दिला. त्यांनी तो कितीतरी वेळ नाकाशी धरला, मग अलगद टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "ओळख दाखवत नाही गं." लेक न्हाणीघरात गेली आणि तिने नळ मोठा सोडला.

हे लिफ्टवाल्याने पाहिलं होतं. म्हणून तर एवढा उत्साह!

त्याच्याकडे उपाय होता. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या हॉटेलात लिफ्ट बसवायला तो तीन महिने समुद्रापलीकडे, आग्नेय आशियात राहून आला होता. तिथे रस्त्यावरच्या गाडीवर एक सँडविच मिळायचं. नाव रोटी जॉन. त्यात रोटी नसते, लांबुडका पाव असतो, आणि जॉन कोण हे गाडीवाल्यालाही ठाऊक नव्हतं. पण काय तिखट! सर्दीने तीन दिवस बंद पडलेला त्यांचा मुकादम पहिल्या घासाला रडला, दुसऱ्याला शिंकला आणि तिसऱ्याला म्हणाला, "अजून एक आण."

"नाक म्हणजे अडकलेलं लिफ्टचं दार," लिफ्टवाल्याने सिद्धांत मांडला, "एक धक्का बसला की उघडतं!"

"मला काय, पुठ्ठाच आहे," सासरे म्हणाले आणि आपल्या खोलीत जाऊन आडवे झाले.

कृती त्याला तोंडपाठ होती. पाव उभा चिरायचा, पण पुरता नाही. पुस्तकासारखा उघडायचा. तव्यावर खिमा, कांदा आणि अंडं एकत्र फेटून ओतायचं, त्यावर पाव पालथा घालून दाबायचा. अंडं पावाला चिकटलं की उलटायचं, वर लाल सॉस ओतायचा, मिटायचं, कापायचं. झालं!

गाडीवाला सॉससाठी मूठभर सुक्या मिरच्या भाजायचा. लिफ्टवाल्यानेही मूठभरच घेतल्या. फरक एवढाच, की गाडीवाला लहान चणीचा माणूस होता आणि आमच्या लिफ्टवाल्याची मूठ म्हणजे सोललेला नारळ! शिवाय गाडी उघड्या रस्त्यावर असायची. हे स्वयंपाकघर पाच पावलं लांब, तीन पावलं रुंद, आणि त्याची खिडकी गेल्या महिन्यात रंग दिल्यापासून चौकटीला चिकटून बसलेली.

डाव्या शेगडीवर मिरच्या तडतडल्या. पहिल्यांदा घशात गुदगुल्या झाल्या. मग डोळ्यांनी राजीनामा दिला. मग असा ठसका लागला, की फडताळातले पेले किणकिणले!

"मस्त... खॅक... जमतंय!" लिफ्टवाला स्वतःला म्हणाला.

ओल्या रुमालाने तोंड बांधून, डावी शेगडी तशीच पेटती ठेवून त्याने मिरच्या लसूण आणि व्हिनेगरबरोबर वाटल्या. उजव्या शेगडीवर मोठा तवा चढवला, अंडं-खिमा ओतला, वर पाव पालथा घातला. पाव दीड फुटांचा, तवा एक फुटाचा. जॉनचं डोकं आणि पाय बाहेर लोंबत राहिले. दाबायला काही हवं म्हणून खलबत्त्यातला दगडी खल उचलून त्याने जॉनच्या पाठीवर ठेवला. मग धूर जायला वाट हवी म्हणून घराचं पुढचं दार सताड उघडलं.

इथेच चुकलं!

खकाणा जिन्यात गेला. जिन्यातून वर गेला. वरच्या मजल्यावर गाण्याच्या बाईंचा वर्ग चालू होता. अकरा मुली एका सुरात वर चढत होत्या, वर, आणखी वर, आणि नेमक्या टोकाला पोचल्या तेव्हा अकराच्या अकरा एकदम खोकल्या. त्यांचा आवाज विरतो न विरतो तोच मजल्यावरची धोक्याची घंटा केकाटू लागली.

ही घंटा वाजली की लिफ्ट आपोआप तळमजल्यावर जाऊन थांबते. ही सोय कुणी बसवली होती? लिफ्टवाल्यानेच! आता खाली जाऊन घंटा बंद करणं भाग होतं. डोळ्यांतून धारा लागलेल्या. चाचपडत त्याने गॅसचं एक बटण फिरवलं, ज्योत गेल्याचा आवाज ऐकला आणि चार मजले धडाधडा उतरला.

खाली सगळी इमारत जमली होती. गाण्याच्या बाई अकरा लाल नाकांसह सर्वांत पुढे.

"विषारी वायू सुटलाय! मी अग्निशमनवाल्यांना फोन केलाय!"

"बाई, वायू नाही हो, मिरची आहे!"

"मिरची? माझी सगळ्यात वरच्या पट्टीतली मुलगी दोन पट्ट्या खाली आली!"

लिफ्टवाला तोंड उघडणार, तेवढ्यात त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मिरच्या डाव्या शेगडीवर होत्या. जॉन उजव्या. आणि त्याने फिरवलं होतं डावं बटण!

वर गॅस चालू. घरात बाबा एकटे. आणि बाबांना जळल्याचा वास येत नाही.

तो जिन्याकडे धावला. रखवालदाराने हात आडवा घातला. "साहेब, वर जायचं नाही."

"अरे, सोड!"

"ते बघा." भिंतीवर पाटी होती. 'घंटा वाजत असताना कोणीही वर जाऊ नये.' खाली सही लिफ्टवाल्याची.

"अरे वर बाबा आहेत! खॅक... आणि जॉन आहे!" त्याला श्वास पुरेना. "त्याला पालथा घालून आलोय! वर दगड ठेवलाय!"

रखवालदाराचा चेहरा पांढराफटक पडला. आडवा हात आपोआप खाली आला. त्या फटीतून लिफ्टवाला निसटला.

चार मजले! एरवी दुसऱ्यांची चढण सोपी करणारा माणूस, त्या दिवशी एकेक पायरी त्याने तोंडाने मोजली. बायकोचे शब्द कानात घणघणत होते. एकटं सोडायचं नाही. एकटं सोडायचं नाही. 'माझी अक्कल काय चुलीत गेली होती? एवढा एक माणूस सांभाळायला दिला होता तिने. एवढा एकच!' तिसऱ्या मजल्यावर त्याने देवाला सांगितलं, की बाबा सुखरूप असू देत, मी पुन्हा कधी म्हणून कधी बढाई मारणार नाही.

घरात शिरला तर स्वयंपाकघरात गॅस बंद. चिकटलेली खिडकी सताड उघडी, खाली रंगाच्या खपल्या पडलेल्या. आणि मधोमध सासरे उभे, हातांत फडक्याने धरलेला तवा, डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"जावईबापू!" ते कडाडले. "पाव करपत होता! टाकून कुठे गेलात?"

लिफ्टवाला दाराच्या चौकटीला धरून खाली बसला. "बाबा... तुम्ही ठीक आहात? कसं कळलं तुम्हाला?"

"कसं म्हणजे? वास आला!"

दोघंही थांबले. घंटा केकाटत होती, पण दोघांनाही ती ऐकू येईना.

"वास," म्हातारबुवा हळूच म्हणाले. "वास आला हो." त्यांनी तवा ओट्यावर ठेवला, खल बाजूला केला आणि वाकून नाक पावाजवळ नेलं. "आधी नाकात नुसती आग झाली. मग शिंका. थांबेचनात. आणि त्यानंतर... पावाची कड करपायला लागली ना, की आधी गोडसर येतो, मग कडवट. तो गोडसर आला. पाय आपणहून उठले."

लिफ्टवाला तसाच बसून रडला. मिरचीची सोय होती म्हणून बरं!

एवढ्यात जिन्यात धाडधाड बूट वाजले. मुखवटे चढवलेले अग्निशमन दलाचे तिघे आत घुसले.

"म्हातारे गृहस्थ सुखरूप आहेत!" पहिला ओरडला. "जॉन कुठे आहे? जॉन!"

सासऱ्यांनी तवा पुढे केला. "हा."

त्यांच्या प्रमुखाने तव्याकडे पाहिलं. मग खलाकडे. "पालथा घातला होता तो?"

"हाच," लिफ्टवाला म्हणाला.

"वर दगड ठेवलेला?"

"अंडं चिकटावं म्हणून."

प्रमुखाने मुखवटा काढला, एक दीर्घ श्वास घेतला आणि घाईघाईने मुखवटा परत चढवला.

त्याच वेळी खाली रिक्षातून बायको उतरली होती. दारात आगीचा बंब! तिच्या हातातली बॅग तिथेच पडली. रखवालदाराने धीर देण्याच्या सुरात सांगितलं, "वहिनी, तुमचे बाबा वर आहेत. जॉनचं मात्र अजून काही कळत नाही." जॉन कोण हे विचारायलाही ती थांबली नाही.

दारात पोचली तर काय पाहिलं? नवरा रडतोय. बाबा रडतायत. मुखवटे हातात घेतलेले तीन धिप्पाड गडीही डोळे पुसतायत. आणि पाचही जण काहीतरी चावतायत!

"बाबा!"

"ये, ये गं! तिखट आहे!" नातवंड झाल्याचं सांगावं तशा आवाजात बाबा ओरडले. "जहाल तिखट आहे! अंडं आहे, लसूण आहे! आणि पाव कालचा आहे. कालचा! पीठ फुगायला वेळ दिलेला नाही लबाडांनी. कुणाकडून आणलात हो?"

"कोपऱ्यावरून," नवरा म्हणाला.

"फसवलं तुम्हाला!" बाबांनी आनंदाने आणखी एक घास तोडला.

बायकोने बाबांच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि हुंदके देऊन रडली. तिने अजून एक घासही खाल्ला नव्हता, त्यामुळे मिरचीवर ढकलायची सोय नव्हती.

दलाच्या प्रमुखाने जाताना लिफ्टवाल्याला चांगलं फैलावर घेतलं, गॅसची बटणं ओळखायला लावली आणि शेवटी आवाज उतरवून विचारलं, "त्या सॉसमध्ये लसूण किती घातला होता?" घंटा बंद झाली. गाण्याच्या बाईंना एक तुकडा पोचवून माफी मागून झाली. बायकोने डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "छान झालं! नाक हळूहळू येतच होतं. मिरचीचा तसा काही संबंध नाही, हं." लिफ्टवाल्याने ते ऐकलं नाही असं दाखवलं.

संध्याकाळी बाबा घरभर नाक वर करून फिरत होते. लेक मागोमाग.

"अजून कशाकशाचा येतोय बाबा?"

"तुझ्या केसांना प्रवासाचा. साबणाचा. उशीला नवा कापूस आहे." ते गॅलरीच्या दाराशी अचानक थांबले. नाक आक्रसलं. वासाच्या मागावर वाकत वाकत ते आपल्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत आले. तिथे भिंतीला टेकून कामावरचे दोन मोठे बूट उभे होते.

"हे कुणाचे?"

"माझे," लिफ्टवाला म्हणाला.

"रोज इथेच असतात? माझ्या उशापाशी?"

"सहा आठवडे झाले असतील, बाबा. तिथे जागा होती म्हणून..."

म्हातारबुवांनी बुटांकडे पाहिलं, मग जावयाकडे, मग हात जोडून छताकडे.

"अगं, उगाच त्या तापाला शिव्या घातल्या आपण," ते लेकीला म्हणाले. "बिचाऱ्याने उपकारच केले होते माझ्यावर!"

लिफ्टवाल्याने बूट उचलले आणि बाहेर जिन्यात नेऊन ठेवले. हसत हसत नेले. पण नेले नाक दाबूनच.