विठोजीरावांची जपानी तलवार

"यंदा शस्त्रपूजेला तलवार मी ठेवणार! त्या नरसिंहरावाचं तोंड कसं उतरतं ते बघच!" विठोजीराव एवढ्या जोरात गरजले, की शेजारच्या अक्कांनी दचकून मिक्सर बंद केला.

नरसिंहराव म्हणजे त्यांचा मेहुणा. गेल्या दसऱ्याला समाजाच्या हॉलात तो सगळ्यांदेखत म्हणाला होता, "दाजींच्या घरात शस्त्र म्हणजे विळीच की!" तेव्हापासून विठोजीराव तापल्या तव्यासारखे तडतडत होते. शेवटी यंदा, म्हणजे त्र्याण्णव साली, जुन्या बाजारात त्यांना एक तलवार मिळाली. गंजलेली, लांब मुठीची, काळ्या म्यानाची.

सोयराबाईंनी ती न्याहाळली. "अहो, ही तर जपानी दिसतेय!"

"दिसतेय ना? दिसायची बंद करतो!"

बंगळुरातल्या बनशंकरीच्या त्या घरात कारखानाच सुरू झाला. गंज काढायला घरातली सगळी चिंच पात्यावर खर्ची पडली, सांबार बेचव झालं. मुठीवरची दोरी सोडताना आतून बांबूची बारीक खुंटी पडली.

"ही कशाची हो?"

"कचरा! फेक!"

खुंटीविना सैल झालेली मूठ डिंकाने चिकटवून त्यांनी वर जरीचा काठ गुंडाळला. काठ बघून सोयराबाई किंचाळल्या, "माझा शालू कापलात?"

"घराण्याच्या इज्जतीपुढे शालू काय घेऊन बसलीस?"

त्या दिवसापासून सोयराबाई भिंतीकडे बघून बोलू लागल्या. चिडलेल्या विठोजीरावांनी म्यानाला बाहेरून भगवा रंग फासला, आतही ओतला आणि वाळायची वाट न बघता तलवार खुपसली!

दसऱ्याला हॉल भरला. विठोजीराव छाती काढून पुढे झाले. "बघा!"

तलवार हलेना.

"स्वल्प जोर लावा, दाजी," नरसिंहराव म्हणाला.

"तू गप्प बस!"

"मी म्यान धरतो."

"हात लावलास तर याद राख!" असं म्हणेपर्यंत त्याने म्यान धरलंही. इकडून दाजी, तिकडून मेहुणा! दोघांचे चेहरे टोमॅटो झाले. फट्! नरसिंहराव म्यानासकट फुलांच्या टोपल्यांत आडवा झाला आणि विठोजीराव नुसती मूठ उगारून उभे राहिले; पातं म्यानातच!

हॉल हसून हसून लोळला. भिंतीकडे बघणाऱ्या सोयराबाईही वळून हसल्या. विठोजीरावांचं डोकं भणभणलं.

"हसायला काय झालं? पुढे या एकेक! खांडोळी करीन!" मूठ हवेत फिरवत ते ओरडले. समोरचे आजोबा तेवढे मागे सरले, पण ते ठसका लागल्यामुळे.

विठोजीरावांनी म्यान हिसकावलं आणि तणतणत रस्त्यावर येऊन रिक्षा थांबवली. एका हातात मूठ, दुसऱ्यात भगवं म्यान, डोळे लाल! आता निदान हा तरी टरकेल, असं त्यांना वाटलं.

रिक्षावाल्याने दोन्ही तुकडे कळवळून पाहिले. "अय्यो! छत्री मोडली का सार?"

विठोजीराव रिक्षात बसले आणि हळूच म्हणाले, "हूं."