मामींचा ताठ सरडा

नणंदेच्या कपाटावर ठेवलेल्या लोकरीच्या जिराफानं भर जेवणात मान टाकली, तेव्हा मामींनी ताटावरची नजर वर केली नाही. जिराफ त्यांनीच विणला होता. त्याआधीचा घोडा तर बसकण मारूनच जन्माला आला होता, आणि हत्तीला घरातले सगळे डुक्कर समजत. त्या बाबतीत मामींनीही वाद घालणं सोडून दिलं होतं.

"तुझ्या हातचं जनावर काही उभं राहत नाही बघ," नणंद म्हणाली. "विणतेस छान गं. पण सरड्याची धाव कुंपणापर्यंत."

नणंद वयानं मोठी, त्यामुळे उलट बोलायची सोय नव्हती. मामींनी पाण्याचा घोट घेतला. "मग आता सरडाच विणते, ताई. चिऊच्या वाढदिवसाला. जसा वाकवाल तसाच राहील. तसूभर जरी हलला, तर क्रोशाची सुई तुमच्या हवाली. परत हातात धरणार नाही."

"अगं," मामींचा नवरा म्हणाला. पण तोवर शब्द गेला होता आणि जेवणारे सगळे साक्षीला होते. मामी दाताच्या दवाखान्यात काउंटरवर बसत. दिवसभर लोकांच्या दाढा ऐकून घरी आल्यावर त्यांना त्या सुईशिवाय दुसरं सुख नव्हतं.

चिऊ ही नणंदेची मुलगी. तिचे पुढचे दात एकमेकांच्या खांद्यावर चढून बसले होते. तार बसवून घे म्हणून नणंदेनं लाडानं सांगितलं, रागानं सांगितलं, अबोला धरला. चिऊ तोंड उघडायला तयार नव्हती. दवाखान्यातल्या मामी समोर असल्या की ती ओठ मिटून घेई आणि जेवतानाही भिंतीकडे तोंड करून बसे.

दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांनी कपाट आवरायला काढलं आणि दातांच्या तारांचं एक खोकं मामींपुढे सरकवलं. "तारीख उलटलीये. फेकून द्या."

मामींनी त्यातली एक तार काढून पाहिली. मूळची नालासारखी वाकडी, पण बोटांनी सरळ केली तशी सरळ झाली, पिळली तशी पिळली गेली. गंजणारी नाही, तुटणारी नाही. ही मिळाली असती तर घोडा बिचारा आज उभा असता. खोकं केराच्या डब्याकडे निघालं ते पर्समध्ये पोचलं.

डॉक्टरांना रोग्यापेक्षा जास्त घाम येई, म्हणून दवाखान्यात एसी असा लावलेला असे, की माणूस भीतीनं थरथरतोय की थंडीनं हे कळायला मार्ग नव्हता. त्या गारठ्यात स्वेटर घालून, दोन फोनांच्या मधल्या वेळात मामींनी सरडा विणला. पोटात कापूस, कण्यात तार, चारही पायांत तार, डोळ्यांना काळे मणी. सरडा मागच्या दोन पायांवर उभा राहिला आणि पुढच्या पायात त्यानं काउंटरवरचं पेन धरलं. दिवसभर धरलं. रोगी सही करून पेन परत त्याच्याच हातात देऊ लागले.

"छान आहे," डॉक्टर म्हणाले. "कुठून आणलात?"

"मी केला."

"नाही, खरंच, कुठून आणलात?"

मामी तरंगतच घरी गेल्या. ओट्याशी उभं राहून त्यांनी पर्स उघडली, तर सरड्यानं नाक शेपटीला लावलं होतं. त्यांनी त्याला सरळ करून गॅसच्या बाजूला उभा केला. आमटीला उकळी फुटेपर्यंत तो पुन्हा वाकला.

"तुम्ही हात लावलात?"

"मी कशाला लावू?" नवरा म्हणाला. "नमस्कार करतोय तो तुला. कर की आशीर्वाद."

"ताईंना फोन करून सांगितलंत ना हे?"

"अगं, मी आत्ता दारातून आलो!"

मामींचा विश्वास बसला नाही, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात नेल्याबरोबर सरडा शहाण्यासारखा उभा राहिला. संध्याकाळी घरी पुन्हा नमस्कार. माणूस बघून वागणारं जनावर म्हणजे नवऱ्याच्याच बाजूचं, अशी त्यांची खात्री पटली. त्या रात्री नवऱ्याला आमटी मिळाली, बोलणं मिळालं नाही.

शेवटी वाढदिवसाच्या सकाळी त्यांनी लाज गिळून डॉक्टरांना विचारलं. डॉक्टरांनी सरड्याला चाचपलं आणि मग मामींकडे पाहिलं.

"ती फेकलेली तार का?"

"फेकतच होते."

"अहो बाई, ही तार गारव्यात मऊ असते. ऊब लागली की आपल्या मूळच्या आकारावर जाते. तोंडात ऊब असते, म्हणून दात हळूहळू ओढले जातात."

"आणि सरड्याचं काय?"

डॉक्टरांनी प्रामाणिकपणे विचार केला. "सरड्याचं आम्हाला अभ्यासाला नव्हतं."

उसवून नवी तार घालायला वेळ उरला नव्हता. मामींनी दवाखान्याच्या फ्रिजमधल्या, गाल सुजलेल्यांना देतात त्या बर्फाच्या पिशव्या घेतल्या, त्यांच्या मधे सरड्याला उभा केला आणि डबा घट्ट लावून नणंदेचं घर गाठलं.

सगळे जमल्यावर डबा उघडला. सरडा टेबलावर उभा राहिला, एक पाय कमरेवर, शेपटी ऐटीत वर. कुणीतरी टाळी वाजवली. नणंदेनं चष्मा लावला, चहूबाजूंनी पाहिलं आणि अवघड जागी दुखल्यासारखा चेहरा करून म्हणाली, "उभा आहे खरा."

एवढ्यासाठी मामींनी काय काय सोसलं होतं! त्यांचे डोळे भरून आले. "झालं तर मग. ठेवू आता डब्यात," त्या घाईनं म्हणाल्या.

पण चिऊनं सरडा उचलून तळहातावर घेतला होता. चिऊचा हात नुकतीच पळापळ केलेल्या पोरीचा हात होता. सरड्यानं आधी शेपटी खाली घेतली. मग कमरेवरचा पाय काढला. मग सावकाश वाकून त्यानं चिऊचं बोट चारही पायांनी धरलं.

"हलला! अगं बाई, जिवंत आहे! फेक, फेक तो!" नणंद खुर्चीवर चढली.

मामींनी पर्समधून सुई काढली आणि खुर्चीच्या पायाशी, नणंदेच्या चपलांशेजारी ठेवली. शब्द म्हणजे शब्द. नवऱ्यानं त्यांच्या पाठीवर हात ठेवला, आणि मग मात्र मामींना रडूच आलं.

"मामी, हा कसा काय हलतो?"

सगळे वळले. चिऊ विचारत होती. चांगलं तोंड उघडून, सगळे दात दाखवून.

"तारेमुळे," मामी नाक पुसत म्हणाल्या. "दातांना लावतात ती. ऊब लागली की हलते."

"माझ्या दातांत पण अशीच हलेल?"

"हळूहळू. पण हलेल."

चिऊनं सरड्याकडे पाहिलं. सरड्यानं बोट सोडलं नव्हतं. "मग उद्याच बसवा," ती म्हणाली.

नणंद खुर्चीवरून उतरली. तिनं सुई उचलली, पदरानं पुसली आणि मामींच्या मुठीत कोंबली. रंग बदलायला तिला सरड्याइतकाही वेळ लागला नाही. "हललाच पाहिजे! जनावर म्हटलं की हलणारच. चिऊच्या मैत्रिणींनाही एकेक कर. आणि हे बघ, आमच्यात कुणी तुला कधी नावं ठेवलीत का?"

मामींनी जिराफाकडे एकदा पाहिलं. "नाही, ताई," त्या म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात, दवाखान्याचा एसी बंद पडलेला असताना, चिऊ तिथल्या खुर्चीत तोंडाचा आ करून, हातात आरसा धरून, दात कधी हलतात ते बघत बसली होती. डॉक्टर औषध घ्यायला फ्रिजपाशी गेले आणि दार उघडून तसेच उभे राहिले. आत, बर्फाच्या पिशव्यांच्या रांगेत, सरड्यांची अख्खी पलटण कमरेवर हात ठेवून उभी होती.

डॉक्टरांनी कपाळावरचा घाम पुसला.

"बाई," ते म्हणाले, "मधला जरा झुकलाय."

"झुकणारच," काउंटरवरून सुई न थांबवता मामी म्हणाल्या. "दार लावा आधी."