फुकटमास्तर आणि माझी पिवळी छत्री

छत्री फाटली की लोक ती टाकून देतात. मी टाकली नाही. मी शिंपी आहे. फाटलं म्हणून टाकून द्यायचं तर जन्मभर धंदा कशाला केला? तारा शाबूत होत्या, दांडा शाबूत होता. घरात पिवळ्या अस्तराचा एक मोठा तुकडा पडून होता. (तो हिने उशांच्या अभ्र्यांसाठी जपून ठेवला होता म्हणे. हे मला मागाहून कळलं, आणि नीटच कळलं.) तो कापला, शिवला आणि काळ्या छत्रीला पिवळं कातडं चढवलं. एवढंच मी केलं. यात माझं काय चुकलं ते कुणीही सांगावं.

चुकलं ते फुकटमास्तराचं.

हा माणूस आमच्याच इमारतीत, बरोबर आमच्या डोक्यावर राहतो. शाळेत इतिहास शिकवायचा. आता रिटायर झालाय, बायको गेली, मुलं लांब. म्हणजे वेळच वेळ. एकदा जिन्यात उभा राहून हिला म्हणाला, "वहिनी, राज्याच्या राजधानीत राहता आणि राजधानी बघितली नाहीत? अहो, इथलं निम्मं शहर फुकट बघता येतं!"

फुकट म्हटल्यावर बायकांचे कान कसे होतात ते तुम्हाला ठाऊक आहे. (माझेही होतात, पण मी ते दाखवत नाही.) म्युझियमला रविवारी सकाळी तिकीट नाही. सरकारी बागेत बँड वाजतो, ऐकायला पैसे पडत नाहीत. विधानभवनाच्या गॅलरीत नुसतं नाव सांगून बसता येतं. हा मास्तर दर रविवारी नव्या नव्या लोकांना जमवून हे सगळं दाखवत हिंडतो, तेही फुकट. म्हणून मी त्याचं नाव फुकटमास्तर ठेवलं. ही म्हणाली, "आपण जाऊ या का?"

मी म्हटलं, "मी नाही येणार."

आता याचा अर्थ 'तूही जायचं नाहीस' असा होतो, हे इतकी वर्षं संसार केलेल्या बाईला कळू नये? रविवारी सकाळी ही चपला घालून निघूनसुद्धा गेली.

दुपारी परत आली ती गाल लाल करून. मी मशीनवर होतो. मशीन चालवताना मी हूं-हूं करतो, ती माझी जुनी सवय आहे. त्यामुळे गिऱ्हाईक खूश राहतं आणि काम अडत नाही.

"अहो, विधानभवनात आतून एवढा मोठा घुमट आहे!"

"हूं."

"मास्तर म्हणाले, तिथं कुजबुजलं तरी पलीकडे ऐकू जातं. आम्ही कुजबुजून पाहिलं."

मशीन थांबलं. "कोण आम्ही?"

"मी आणि मास्तर. मी इकडे, ते तिकडे."

"काय कुजबुजलात?"

"'ऐकू येतं का' असं. दुसरं काय कुजबुजणार?"

मला ते पटलं नाही. तेवढं विचारायला कुणी घुमटाखाली जात नाही.

त्यानंतर दर रविवारी तेच. घरात प्रत्येक वाक्य 'मास्तर म्हणाले'ने सुरू व्हायला लागलं. आमटीत मीठ कमी पडलं तरी मास्तर काहीतरी म्हणालेले असायचे. तेही मी सोसलं. पण एके दिवशी ही म्हणाली, "मास्तरांचं जाकीट किती छान बसतं हो अंगावर!"

रेडीमेड जाकीट! खाटकाच्या बायकोने त्याच्यादेखत शेजाऱ्याच्या मुळ्याचं कौतुक करावं, तसं झालं हे. मी जळत नव्हतो. (पोटात आग होत होती, ती वेगळी.)

म्हणून पुढच्या रविवारी ही जिना उतरली आणि मागोमाग मी. तोंड लपवायला काहीतरी हवं, म्हणून ती छत्री घेतली. ऊन चांगलं पडलं होतं, कुणाला संशय यायचं कारण नव्हतं.

चौकातल्या कारंज्यापाशी मास्तराची माणसं जमली होती. मी विजेच्या खांबाआड उभा राहिलो. खांब अरुंद आणि मी रुंद, म्हणून छत्री खाली ओढून घेतली. मास्तर कुठं दिसेना, नुसता त्याचा आवाज येत होता. मग गर्दी हलली आणि बघतो तर काय, त्याच्याही हातात छत्री. पिवळी! माझ्यासारखीच पिवळी!

आता लक्षात येतं, ही मला मागे कधीतरी सांगत होती, की मास्तर हातात पिवळी छत्री धरतात म्हणून लोक चुकत नाहीत. मी बहुतेक हूं म्हटलं असणार.

तेवढ्यात मास्तराने छत्री मिटली, काखेत धरली आणि सगळ्यांना म्हणाला, "कारंजं बघून घ्या. मी ग्रंथालयाचा मनोरा उघडतात का ते विचारून येतो. वहिनी, चला, तुम्ही गोड बोलून बघा." आणि दोघं ग्रंथालयाच्या बाजूच्या दारातून आत गेली. दोघंच! माझ्याशी ही गोड बोलल्याला किती वर्षं झाली, आणि इथं ते रखवालदारावर खर्च होणार.

मी खांब सोडला आणि ग्रंथालयाच्या मागच्या दाराकडे धावलो. काही अंतर गेल्यावर पाठीमागे पावलं वाजली. वळून बघतो तर सगळी माणसं माझ्या मागे! मला वाटलं, ओळखलं. चोरून बघणारा म्हणून धरतात आता. मी वेग वाढवला. त्यांनीही वाढवला.

"अहो, जरा हळू!" एक बाई ओरडली. "माझे गुडघे दुखतात!"

दुखतात तर पळताय कशाला? मी वळण घेतलं, गल्ली ओलांडली आणि समोर सार्वजनिक मुतारी दिसली तिच्यात घुसलो. बऱ्याच वेळाने हळूच बाहेर डोकावलो. सगळे दाराबाहेर ओळीने उभे. गळ्यात कॅमेरा अडकवलेला एक गृहस्थ त्या मुतारीचा फोटो काढत होता.

"ही किती जुनी आहे?" त्याने विचारलं.

"वास घेऊन बघा, कळेल," मी म्हटलं.

सगळे हसले. गुडघेवाली बाई म्हणाली, "मघाचे गाईड गेले वाटतं? आता तुम्ही का? ते म्हणाले होते, पिवळी छत्री सोडायची नाही. आम्ही नाही सोडली."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. खरं सांगून मोकळं व्हायला हवं होतं. पण मनात आलं, हा माणूस माझी बायको हिंडवतो काय? मग मी याची सगळी माणसं हिंडवतो. बसू दे कारंज्यापाशी एकट्याला, माशा मारत.

"हो, आता मी," मी म्हटलं, आणि छत्री उंच केली. "चला."

पुढच्या चौकात एका मोठ्या माणसाचा पितळी पुतळा आहे. तिथं सगळे थांबले आणि माझ्याकडे बघायला लागले. हा कोण, काय करून गेला, मला काय माहीत? शाळेत मी चौथीपर्यंत गेलो, तेही मधूनमधून. पण त्याचा कोट मला दिसत होता.

"हे बघा," मी म्हटलं, "या गृहस्थाचा कोट ज्याने कापला, त्याला पोत्यात घालून बडवला पाहिजे. उजवा खांदा खाली आलाय. बाही काखेत ओढते. म्हणून बिचाऱ्याने हात वर धरलाय. लोकांना वाटतं भाषण करतोय. भाषण कसलं, हात खाली केला तर शिवण उसवेल!"

कॅमेरेवाला इतका हसला की त्याला पुतळ्याचा कठडा धरावा लागला. मग मला चेव आला. बागेतल्या घोडेस्वाराची विजार दाखवली. (ती घालून घोड्यावर बसता येत नाही. मी पैजेवर सांगतो.) म्युझियमच्या पायऱ्यांवर दगडाची बाई आहे, तिच्या अंगावर कापड जवळजवळ नाहीच. तिथं मी म्हटलं, "हे गिऱ्हाईक कापड आणून देतो म्हणून गेलं, ते अजून यायचंय." टाळ्या पडल्या! जन्मात कुणी माझ्यासाठी टाळी वाजवली नव्हती. हिने तर डास मारण्यापुरतीसुद्धा माझ्यासमोर वाजवली नसेल. मला वाटलं, हे हिने बघायला हवं होतं.

तेवढ्यात गुडघेवाली बाई म्हणाली, "खूप मजा आली हो. पण मघाचे ते गाईड आणि त्या बाई तिकडेच राहिल्या. आता हिंडत असतील बिचारी दोघंच."

माझ्या हातातली छत्री वाकडी झाली.

दोघंच! इतके रविवार त्यांच्यामध्ये एवढी माणसं असायची. मी आलो आणि त्यांची वाट साफ करून दिली. स्वतःच्या हाताने. वर सगळ्यांना हसवत हसवत.

"पळा!" मी ओरडलो.

"आता काय दाखवणार?" कॅमेरेवाल्याने पळता पळता विचारलं.

"ते मलाही बघायचंय!"

ग्रंथालयापाशी पोचलो तेव्हा माझ्या छातीचा भाता झाला होता. दारात रखवालदार.

"वर कोण आहे?"

"मास्तर आणि एक बाई. छान बोलतात हो त्या. गोड."

"मला वर सोडा."

"जिना अरुंद आहे, काका. एका वेळी दोघंच सोडतो. ती दोघं खाली आली की तुम्ही जा."

"कधी येतील?"

"घाई नाही कुणाला. फुकट आहे."

मी मान वर करून बघितलं. मनोऱ्याच्या टोकाशी कठड्यावर दोन डोकी दिसत होती. एक डोकं आमच्या घरचं. त्या डोक्याने खाली बघितलं आणि हात हलवला. मी घाईघाईने छत्री मिटली. ती मिटली तशी माणसांना वाटलं संपलं. सगळ्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या, आणि मी मागच्या गल्लीतून घराकडे सुटलो.

ही आली तेव्हा मी मशीनवर होतो. सुईत दोरा नव्हता, पण पाय चालवत होतो.

"अहो, वरून शहर काय दिसतं!" ही म्हणाली.

"हूं."

"नदी दिसते, बाग दिसते. आपली इमारतही दिसते."

"हूं."

"आणि माझे उशीचे अभ्रे दिसतात. चौकाचौकातून धावताना."

पाय थांबले. खोटं बोलायला काही उरलं नव्हतं. "मग हाक का नाही मारलीस?"

"मारणार होते. मास्तर म्हणाले, राहू द्या वहिनी, रंगलेत ते." ही खुर्चीवर बसली आणि माझ्याकडे बघून चक्क हसली. "खाली आलो तर सगळे त्यांच्याभोवती जमले. म्हणतात, पुढच्या वेळी ते कोटवाले काका पाहिजेत. मास्तर म्हणाले, मग दोन तुकड्या करू. एक माझी, एक त्यांची. तुमच्याकडे छत्री आहेच."

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. मास्तर इतका काही वाईट माणूस नाही, असंही क्षणभर मनात आलं. मी म्हटलं, "बरं, बघू. तू मात्र माझ्या तुकडीत अगदी पुढे उभी राहा. मला बरं पडेल."

"मी?" ही म्हणाली. "मी मास्तरांच्या तुकडीत. तुमचं काय, घरी रोजच ऐकते की."

मग तिने पिशवीतून एक घडी काढून माझ्या मशीनवर ठेवली. मास्तराचं जाकीट.

"मनोरा चढताना काखेत उसवलं हो त्यांचं. तेवढं रविवारच्या आत करून द्या."

"आणि शिलाई?"

"काहीतरीच! मी त्यांना सांगितलंय, आमच्याकडे फुकट होतं."