आधी आलेला ब्रेड आधी

एका सोमवारी मिल्क ब्रेडच्या तळाशी हिरवी बुरशी दिसली आणि भांडारपालांनी ठरवलं, की आता घरातल्या ब्रेडमध्ये आपणच लक्ष घालायचं. (ते असं काही ठरवू लागले, की मायलेकी आधी एकमेकींकडे बघत.) कंपनीच्या भांडारात तेवीस वर्षं त्यांनी नट-बोल्ट सांभाळले होते. तिथे प्रत्येक वस्तूला चिठ्ठी असे आणि प्रत्येक चिठ्ठीवर साहेबांची हिरव्या शाईतली सही. चार-पाच पाकिटं ब्रेड म्हणजे त्यांच्या डाव्या हाताचा मळ.

बायकोला ब्राउन ब्रेड लागे, मुलीला मिल्क ब्रेड, त्यांना स्वतःला साधा पांढरा. शिवाय डॉक्टरांच्या धाकाने आणलेला मल्टिग्रेन, आणि एक लांबलचक कडक ब्रेड, जो कुणालाच आवडत नसे पण टोपलीत शोभून दिसे. भांडारपालांनी सगळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. आवक, वजन, स्थिती, शेरा. नियम एकच, जो आधी आला तो आधी संपवायचा. आवडीनिवडीचा रकाना चिठ्ठीत नव्हता.

बुरशी गेली, हे कबूल करायला हवं. पण ताजा ब्रेडही गेला. रोज आलेलं नवं पाकीट रांगेत मागे बसे आणि त्याची पाळी येईपर्यंत चार दिवस उलटत.

"अहो, एकदाच ही जुनी पाकिटं टाकून द्या," बायको म्हणाली. "मग जन्मभर ताजा ब्रेड खाऊ."

"टाकून देऊ? आणि रेकॉर्डला काय दाखवायचं?"

बायकोने कपाळाला हात लावला.

त्यातच भांडारपालांच्या सासूबाई येणार होत्या. गेल्या वर्षी त्यांनी स्वतः भाजून आणलेला ब्रेड हातात तोलत भांडारपाल म्हणाले होते, "छान आहे. दार अडवायला होईल." (हा विनोद होता. त्यावर ते एकटेच हसले.) तेव्हापासून सासूबाई घराची पायरी चढल्या नव्हत्या. बायकोने मिनतवाऱ्या करून त्यांना तीन दिवसांसाठी बोलावलं होतं.

"या वेळी आई रुसून गेली, तर मीही तिच्याबरोबर जाईन," तिने बजावलं. "मग बसा चिठ्ठ्या चिकटवत."

भांडारपाल मनापासून घाबरले. एकोणीस वर्षांच्या संसारानंतरही बायकोवर त्यांचा जीव होता. शिवाय घरातला चहा कुठल्या डब्यात असतो, हे त्यांना अजून ठाऊक नव्हतं.

बुधवारी सासूबाई आल्या, त्या फडक्यात गुंडाळलेला गरम ब्रेड घेऊनच. घरभर वास सुटला.

"आई, काय सुरेख झालाय," भांडारपाल म्हणाले. बायकोचा जीव भांड्यात पडला.

इथवर सगळं ठीक होतं. पण हातांना तेवीस वर्षांची सवय. स्वयंपाकघरात जाताच हातांनी ब्रेड वजनकाट्यावर ठेवला, चिठ्ठी लिहून चिकटवली आणि त्याला रांगेत सर्वांत मागे सरकवलं. मग पाळीप्रमाणे शनिवारच्या मल्टिग्रेनचे काप ताटलीत मांडून भांडारपाल हसतमुखाने बाहेर आले.

सासूबाईंनी एक घास घेतला. तो त्या बराच वेळ चावत होत्या.

"माझा ब्रेड कुठाय?"

"आत आहे ना. रविवारी पाळी येईल त्याची."

"मी शनिवारी जाणार."

मुलगी उठून खिडकीपाशी गेली. बायकोकडे बघायची भांडारपालांची छाती होईना. सासूबाई आत गेल्या, चिठ्ठी सोलून घेऊन आल्या आणि चष्मा लावून मोठ्याने वाचू लागल्या.

"आवक, बुधवार. वजन, दीड किलो. स्थिती, कडक. शेरा, दार अडवायला वापरू नये."

"ते मी आपलं खबरदारी म्हणून..." भांडारपाल पुटपुटले.

सासूबाईंचे खांदे हलू लागले. त्या रडताहेत असं वाटून भांडारपाल पाणी आणायला धावले. परत येऊन बघतात तर त्या हसत होत्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"नियम मोडायचा नाही, जावईबापू. माझ्या ब्रेडच्या पुढे किती आहेत?"

"चार."

"मग संपवा. आम्ही थांबतो."

मल्टिग्रेन गेला, ब्राउन गेला. मिल्क ब्रेडपाशी भांडारपालांचे डोळे पांढरे झाले आणि लांबलचक ब्रेडने एक दाढ हलवली. मग तिघींनी सासूबाईंचा ब्रेड लोणी लावून खाल्ला. भांडारपालांनाही एक काप मिळाला, पण तो ठेवायला पोटात जागाच नव्हती. सासूबाईंनी मुक्काम पंधरा दिवसांनी वाढवला, आणि भांडारपालांना खरोखरच हायसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जो तो त्यांच्याकडे बघून हसत होता. घरातलं समाधान आपल्या चेहऱ्यावर दिसत असणार, असं त्यांनी धरलं आणि सगळ्यांकडे बघून तेही हसले. संध्याकाळी घरी आल्यावर मुलीने त्यांच्या शर्टाच्या पाठीवरून एक चिठ्ठी सोलून काढली. अक्षर सासूबाईंचं होतं, मजकूर बायकोचा.

"आवक, एकोणीस वर्षांपूर्वी. वजन, कालपासून वाढलेलं. स्थिती, कडक. शेरा, टाकून द्यावंसं वाटतं, पण रेकॉर्डला काय दाखवायचं?"

खाली साहेबांची सही होती. आणि सहीच्या वर, नेहमीच्या हिरव्या शाईत, "तपासले. सहमत."