सासऱ्यांची चिलखती गाडी

जावयाने सासऱ्यांची गाडी सर्व्हिसिंगला म्हणून नेली आणि तिची चिलखती गाडी केली.

तो सिनेमांना जुनी शस्त्रं आणि लष्करी वाहनं पुरवायचा. यावेळी भाड्याने ठरवलेली चिलखती गाडी ऐनवेळी दुसऱ्या निर्मात्याच्या युद्धावर निघून गेली. सासू-सासरे गावाला गेले होते आणि त्यांची गाडी दारात उभी होती. जावयाने तिला पत्रे ठोकले, रिव्हेट म्हणून बाटल्यांची बुचं चिकटवली आणि टपावर ड्रेनेजचा पाइप बसवला. दोन पिढ्यांपूर्वीचं युद्ध तयार झालं.

"नुसती मागे उभी राहील," असं दिग्दर्शक म्हणाला होता. सकाळी सेटवर तो म्हणाला, "हिला सुरुंगावर नेऊन उडवू. प्रेक्षक रडला पाहिजे."

प्रेक्षकाचं नंतर बघता आलं असतं, जावयाचे डोळे आत्ताच भरून आले. त्याने कोपऱ्यात जाऊन बायकोला फोनवर सगळं सांगितलं आणि परत येऊन गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "सर, ही गाडी इतिहासात उडालीच नव्हती."

"मग काय झालं होतं?"

"माघार घेतली होती."

दिग्दर्शकाला इतिहासाची फार भीती वाटायची. तो लगेच कबूल झाला. धूर सोडला, गोळीबार सुरू झाला आणि ड्रायव्हरने रिव्हर्स टाकला. सासऱ्यांच्या गाडीत रिव्हर्स टाकला की वाढदिवसाची धून वाजायची, हे जावई विसरला होता. जखमी सैनिक टाळ्या वाजवू लागले. काही मृतांनीही ताल धरला.

"कट! हेही इतिहासात होतं का?"

"नाही सर. आत्ता आठवलं. तिने माघार घेतलीच नव्हती. ती पुढे गेली होती."

मग गाडी पुढे गेली. आता चिलखती गाडी अंगावर आल्यावर शत्रूने तरी काय करावं? शत्रू पळाला. सिनेमा एका गाजलेल्या पराभवावर होता. तो दुपारच्या जेवणाआधी विजयावर झाला.

हिरो तणतणत आला. "मी या लढाईत मरणार होतो! महिनाभर मरायची तालीम करतोय. माझं मरण कुठे गेलं?"

"जिंकल्यावर कशाला मरतोस?" दिग्दर्शक खुशीत होता. "आणि पराभव बघायला तिकीट काढून कोण येतंय?"

इतक्यात बायकोचा फोन आला. "अरे, आई-बाबा आज सकाळीच परत आले. मघाशी तू फोनवर रडत होतास ना, ते स्पीकरवर होतं. गाडी उडवणार म्हटल्यावर बाबा पायात चप्पल अडकवून धावतच सुटले. टॅक्सीने येतायत."

ती ठेवते न ठेवते तोच सासरे हजर. घामाघूम. धुरातून वाट काढत ते विचारत होते, "उशीर तर नाही ना झाला?"

"नाही बाबा!" जावई छाती फुगवून म्हणाला. "एक ओरखडा नाही. सगळा इतिहास फिरवला, पण गाडी वाचवली!"

सासरे मटकन दारूगोळ्याच्या पेटीवर बसले. "वाचवली?"

"तुम्हाला आनंद नाही झाला?"

"अहो जावईबापू, ती तुमच्या सासूबाईंच्या वडिलांची गाडी. विकू देत नाही, भंगारात देऊ देत नाही. दर रविवारी मी धक्का मारतो आणि ती आत बसून सूचना करते. म्हटलं, रणांगणावर गेली तर तिलाही काही बोलता येणार नाही. उडताना बघायला आलो होतो हो."

जावई हळूच दिग्दर्शकाकडे वळून म्हणाला, "सर, मला वाटतं इतिहासात—"

"खबरदार! आता इतिहासाला हात लावलास तर!"

सासरे उठले. वाकून पत्र्यांच्या आत शिरले. समोर खंदक होता, त्यामुळे त्यांनी रिव्हर्स टाकला. वाढदिवसाच्या धुनीवर गाडी आचके देत रणांगणातून मागे मागे निघाली आणि वाटेत पडलेले मृत एकेक करून उठले, बाजूला सरले आणि तिला धक्का मारू लागले.